जाळ अन् धूर संगटच : बॅटरीवरची आरसी बोट नायट्रोवर न्यायची हाय

तांबडा_रस्सा (रविवार, रात्री १०.१२)

मंडळी, डोक्यात एक किडा शिरलाय. माझी रिमोटवरची (आरसी) बोट तुमच्यातल्या काहींनी बघितलीय. ७५ सेंमी लांबीचा फायबरचा हल (बोटीचा सांगाडा), खोल व्ही आकार, ब्रशलेस विजेची मोटर, ३ सेलच्या दोन लायपो बॅटऱ्या. गेल्या महिन्यात ती रंकाळ्यात केंदाळात घुसली. प्रॉपला (मागच्या पंख्याला) मुळं गुंडाळली, मी येड्यासारखा थ्रॉटल ओढत बसलो आणि ईएससीनं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटनं, तिथंच राम म्हटला. एक लायपो आधीच पुरीसारखी फुगलेली. तेव्हापासून बोट माळ्यावर.

अशात सांगलीच्या एका ओळखीच्या माणसानं त्याच्या फुटक्या नायट्रो बग्गीचं, म्हणजे इंधनावर पळणाऱ्या रिमोटच्या गाडीचं, इंजिन देऊ केलं. ०.१८ घन इंचाचं, म्हणजे साधारण ३ सीसी. दोरी ओढून सुरू होणारं. वर इंधनाचे दोन कॅन, एक सीलबंद आणि एक अर्धा. घेतलं.

प्रश्न असा की हे इंजिन या बोटीत बसेल का, आणि बसलं तर चालेल का? ब्रशलेस पळते झकास, पण आवाज मिक्सरचा. शेजारीण चटणी वाटतीय असं वाटतं. मला जाळ अन् धूर संगट पायजे.

लायपो_भक्त (रविवार, रात्री १०.४०)

नको. नवा ईएससी घे, वॉटरप्रूफ घे, आणि प्रॉप अडकला की थ्रॉटल सोडायला शीक. विषय संपला.

नायट्रो म्हणजे तासभर चालू करायचं, पाच मिनिटं पळवायचं आणि दोन तास पुसत बसायचं. हात इंधनातल्या एरंडेलानं बरबटतात ते वेगळंच.

टर्नर_उद्यमनगर (सोमवार, सकाळी ७.०५)

बसतंय की, न बसायला काय झालं? हेड एका तुकड्याचं हाय का दोन? क्रँकच्या टोकाला आटे कसले हायत? फोटो टाक.

इंजिन बसवायचं काम आमच्याकडं एका दिवसाचं. बोट त्या इंजिनाचं ऐकायला लागणं हे महिन्याचं काम.

बोटीतला_पुणेकर (सोमवार, दुपारी १.३०)

मोटर काढली आणि त्या जागी इंजिन ठेवलं, इतकं सरळ हे नाही. ब्रशलेस मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते. ग्लो इंजिनाला (तुमचं नायट्रो त्याच जातीचं) ही मुभा नाही. शाफ्टच्या टोकाकडून बघितलं तर ते घड्याळाच्या उलट फिरतं. बोटीत शाफ्टचं तोंड मागे असतं, म्हणजे मागून बघताना प्रॉपही घड्याळाच्या उलटच फिरणार. त्याला डावा प्रॉप लागतो. तुमचा आत्ताचा उजवा असेल तर बोट पूर्ण ताकदीने मागे जाईल आणि मागच्या कडेवरून पाणी भरून घेईल.

नुसता प्रॉप बदलूनही भागत नाही. फ्लेक्स शाफ्ट म्हणजे इंजिनापासून प्रॉपपर्यंत जाणारी पिळलेली तार. ताण आला की तिचा बाहेरचा थर आवळला पाहिजे. उलट फिरवली तर पीळ सुटतो, तार ट्यूबमध्ये फुगते आणि तुटते. तेव्हा प्रॉप आणि तार दोन्ही डाव्या फेऱ्याची हवीत. हे न केल्यामुळे माझ्या दोन तारा गेल्यात, म्हणून इतकं लांबण लावलं.

दुसरं, रिसीव्हरला वीज कुठून देणार? आत्तापर्यंत ती ईएससीतून येत होती. आता ईएससीच नाही. चार निकेल-मेटल हायड्राइड सेलचा ४.८ व्होल्टचा वेगळा पॅक लागेल, आणि थ्रॉटलला एक जास्तीचा सर्व्हो (दांडी हलवणारी छोटी मोटर). फेलसेफ आधी लावा. सिग्नल तुटला की कार्ब्युरेटर बंद झालाच पाहिजे. बॅटरीवरची बोट सिग्नल गेल्यावर बहुधा थांबते. नायट्रोचा सर्व्हो फेलसेफ नसेल तर होता तिथेच राहतो, आणि टाकीत इंधन असेपर्यंत बोट कुणाच्या बापाची नसते.

तांबडा_रस्सा (सोमवार, दुपारी १.५२)

दुपारी एक ते चारमध्ये पुण्याहून उत्तर! देव पावला.

प्रॉप बघितला. उजवा हाय. म्हणजे तारपण उजवी. खिशाला पहिला चटका. @टर्नरकाका, हेड दोन तुकड्यांचं. वरचा पंखांचा भाग चार स्क्रूंनी निघाला.

लायपो_भक्त (सोमवार, दुपारी २.१०)

ईएससी अजून स्वस्त पडतोय बरं का. सहज सांगितलं.

पहाटफेरी (सोमवार, संध्याकाळी ६.२०)

मी बोटीवाला नाही. रोज पहाटे रंकाळ्याला संध्यामठापासून फेरी मारतो. एवढंच विचारतो, हे तिथं लावणार आहात का? बॅटरीच्या बोटी आम्ही कौतुकानं बघतो, नातवंडंही थांबतात. पण फटफटीचा आवाज आणि तेलाचा तवंग तिथं नको. तळ्याला आधीच कमी दुखणी आहेत का? पक्षी आहेत, बसायला येणारी म्हातारी माणसं आहेत.

तांबडा_रस्सा (सोमवार, संध्याकाळी ६.४५)

काका, बरोबर बोललात. रंकाळ्यात नायट्रो घालणार नाही, शब्द दिला. कळंबा पिण्याच्या पाण्याचा, तिथं तर विचारच नको. इराणी खण म्हणावी तर विसर्जनाची जागा, खाली काय काय लोखंड-लाकूड असेल देव जाणे. मित्राचं शेततळं हाय वडणग्याकडं, ३० बाय ३० मीटरचं. तिथं बघतो.

बोटीतला_पुणेकर (सोमवार, रात्री ९.००)

हिशोब करा. बोट ताशी ५० किमीने गेली तर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. तुमचं शेततळं दोन सेकंदांत संपलं. इंजिन आयडलवर (कमीत कमी वेगावर) नीट टिकतं का आणि गळती कुठे आहे, एवढंच तिथे बघा. शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या उतारावरून माणूस घसरला की त्याला वर चढता येत नाही. पोहणारा माणूस आणि काठाला बांधलेला दोर याशिवाय पाण्याजवळ जाऊ नका. बोटीसाठी तर मुळीच नको.

टर्नर_उद्यमनगर (बुधवार, रात्री ९.३०)

इंजिन काल माझ्याकडं आलंय. सांगतो काय केलं ते, कुणाला उपयोगी पडंल.

गाडीचं इंजिन वाऱ्यावर गार होतंय. बोटीत झाकणाखाली वारा कुठला? म्हणून पंखांचा भाग काढला. खालचा कंबश्चन चेंबरचा तुकडा तसाच ठेवला, त्याच्या तांब्याच्या शिमसकट (पातळ चकती). शिम हरवली की पिस्टन आणि हेडमधलं अंतर बदलतंय, मग गडी कधी ठोकतोय, कधी प्लग खातोय. वरनं ॲल्युमिनियमच्या बारमधनं टोपी काढली, आतनं गोल खाच घेतली पाणी फिरायला, खाली-वर उष्णता सोसणाऱ्या ओ-रिंगा. दोन निपल समोरासमोर. रडरला (सुकाणूला) पुढनं भोक हाय, तिथनं पाणी आत, हेडभोवती फिरून उजव्या कुशीतनं बाहेर. बोट पळत असताना पाणी आपोआप ढकललं जातंय, पंप नको.

बाहेर पडणारी ती पिचकारी काठावरनं दिसली पायजे. ती बंद दिसली की थ्रॉटल सोडायचा आणि बोट घरी आणायची. केंदाळाचं एक मूळ त्या भोकात बसलं तर मिनिटात इंजिन भाजतंय.

पण लई गार करणं बी वाईट. या इंजिनात पितळंचा स्लीव्ह (सिलिंडरचं अस्तर), आतनं क्रोम, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन. गार असताना स्लीव्ह वरच्या टोकाला मुद्दाम आवळ असतोय. तापला की फुगून बरोबर जागा देतोय. थंडच पळवत राहिलास तर ती आवळ जागा घासून जाणार आणि दाब संपला. पाच मिनिटं पळून आल्यावर हेडवर निवांत हात ठेवता येत असंल तर बाहेरच्या निपलात बारीक भोकाची चकती घाल, पाणी कमी होईल.

क्लच काढून टाकला. त्या जागी लोखंडी फ्लायव्हील, मागं तार धरायला कोलेट. आपल्या गावात ऑइल इंजिनाची फ्लायव्हील डोळं झाकून काढणारी माणसं हायत, पण ती मिनिटाला १५०० च्या आसपास फिरायची. हे २०,००० च्या वर जाणार. एका बाजूला दाणाभर वजन जास्त झालं तर बेअरिंगा बोंबलतील. तीनदा बॅलन्स केलं. बिल नाही लावलं. पहिल्या दिवशी मला बोलवायचं.

सई_बावडा (बुधवार, रात्री १०.१५)

मी औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून इंधनाचं सांगतो. कुणीतरी इथं लवकरच विचारणार की इंधन घरी बनवता येईल का. नका बनवू. नायट्रो म्हणतात खरं, पण त्यात मुख्य असतं मिथेनॉल. त्याच्या विक्रीला परवाना लागतो, आणि ते उगाच नाही. २०१५ ला मुंबईत मालवणीत शंभरावर माणसं गेली ती दारूतल्या मिथेनॉलनंच. पोटात गेलं की शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, डोळ्यांच्या नसा जातात. कातडीतूनही शिरतं. हातमोजे घाला, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका, घरात पोरं असतील तर कुलपात ठेवा.

आणखी एक. मिथेनॉलची ज्योत दिवसा उन्हात जवळजवळ दिसत नाही. पेटलंय हे हात भाजल्यावर कळतं. भरपूर पाणी जवळ ठेवा.

बोटीतला_पुणेकर (बुधवार, रात्री १०.३१)

उत्तम माहिती. पण सईताई की सईदादा? “बसतो, सांगतो” वाचून गोंधळलो.

सई_बावडा (बुधवार, रात्री १०.३३)

ताईच. कोल्हापुरात आम्ही बायका “करतो, जातो”च म्हणतो. सवय करून घ्या.

शिंगणापूरचा_सोन्या (गुरुवार, सकाळी ८.४०)

इंधनात तेल कमी वाटलं तर पंपावरचं टू-टी घातलं तर चालतंय का? आपल्या जुन्या लूनाला तेच घालतोय.

सई_बावडा (गुरुवार, सकाळी ९.१०)

नाही चालत. खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही. वर-खाली वेगळं राहतं आणि इंजिनाला नुसतं मिथेनॉल जातं. एरंडेल मिसळतं, म्हणून तर ते वापरतात. स्पर्धेच्या मॉडेल विमानांचं एक प्रमाणित इंधन ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल एवढंच असतं, नायट्रोमिथेन शून्य. म्हणजे नायट्रोशिवायही नायट्रो इंजिन चालतं. जास्त नायट्रो म्हणजे जास्त जोर, कारण नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं. मिथेनॉलच्या एका भागाला साडेसहा भाग हवा लागते, नायट्रोमिथेनला दोनपेक्षाही कमी, पेट्रोलला पंधराच्या आसपास. तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं. टाकी बघता बघता रिकामी होते ती त्यामुळेच.

तांबडा_रस्सा (पुढचा रविवार, रात्री ११.२०)

अहवाल देतो.

हलच्या आत दोन्ही बाजूंना सागवानी पट्ट्या इपॉक्सी आणि ग्लास क्लॉथनं बसवल्या, त्यावर ॲल्युमिनियमचे अँगल, मध्ये रबर. आतला सगळा हल इपॉक्सीनं रंगवला, कारण हे इंधन साधा रंग खातं. सायलेन्सर हलच्या भिंतीपासून बोटभर लांब. सर्व्हो आणि रिसीव्हर घट्ट झाकणाच्या टिफिनमध्ये. घरच्यांना टिफिन कुठं गेला ते अजून माहीत नाही. पुढच्या टोकात फोमचे दांडे कोंबले, बुडू नये म्हणून.

वजन तोलताना घोळ झाला. पुणेकरांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं होतं की तोल मागच्या कडेपासून लांबीच्या ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. ७५ सेंमीला साडेबावीस. माझा आला १९. लायपो असताना पुढं-मागं सरकवायची सोय होती. इंजिन एकदा चिकटवलं की चिकटवलं. शेवटी टाकी इंजिनाच्या पुढं नेली आणि सेल पार नाकात. तेव्हा २२ झाला.

आज अंगणात बोट स्टँडवर घट्ट बांधून चालू करून बघितली. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. प्लग लालबुंद, इंधन येतंय, फट्-फट् करतं आणि मरतं. चालूच राहत नाही. सांगलीच्या माणसानं सेटिंग बदलू नको म्हणून बजावलं होतं, पण कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करायची सुई सगळीकडं फिरवून झाली. अर्धा कॅन संपला. उद्या टर्नरकाका बघायला येणार.

बोटीतला_पुणेकर (रविवार, रात्री ११.३५)

तो अर्धा कॅन किती दिवस उघडा होता?

तांबडा_रस्सा (रविवार, रात्री ११.४०)

मागच्या पावसाळ्यापासून असावा. झाकण सैल होतं.

बोटीतला_पुणेकर (रविवार, रात्री ११.४४)

तिथेच सापडलं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोल्हापूरचा अख्खा पावसाळा प्यायलाय तो कॅन. त्यातलं इंजिनात राहिलेलं सगळं इंधन काढा, बेअरिंग गंजते. नवा प्लग लावा, सीलबंद कॅन फोडा, सुई मूळ जागी न्या. सुरुवातीला इंधन जास्तच ठेवा.

आणि समुद्रकाठच्या कुणाच्या व्हिडिओतली सुई उचलू नका. आपली दोन्ही शहरं साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत, हवा सहा-सात टक्के पातळ. या एका बाबतीत पुणं आणि कोल्हापूर समान आहेत, असं मी लेखी द्यायला तयार आहे.

टर्नर_उद्यमनगर (सोमवार, रात्री ८.५०)

चालू झालं. दुसऱ्या ओढीला. अख्खी गल्ली बाहेर आली. एरंडेलाचा वास सुटला आन् माझ्या डोळ्यात पाणी आलं, धुरानं म्हणा.

एक बघून ठेवा, हवेत प्रॉपवर भार नसतोय, थ्रॉटल ओढला तर इंजिन स्वतःला फाडून घेईल. काठावर फक्त आयडल. आयडलला बी प्रॉप फिरतच असतोय, क्लच नाही. धरताना हल बाजूनं धरायचा, मागं हात न्यायचाच नाही.

तांबडा_रस्सा (शनिवार, रात्री ९.१५)

शेततळ्यात आयडल बघून झालं, गळती नाही. आज टोप गावाच्या बाजूला ओळखीच्या माणसाच्या जुन्या दगडखाणीत गेलो. त्याची परवानगी घेऊन. पाणी मोठं, काठाला माणूस नाही, घर नाही.

पहिल्या दोन फेऱ्या... काय सांगू. आधी घोगरा आवाज, मागं पांढऱ्या धुराचा पट्टा, आणि हल पाण्यावर चढला तसा तो आवाज मोकळा होत गेला. खाणीच्या भिंतींनी तो परत आमच्यावर फेकला. काका काहीच बोलले नाहीत, फक्त पिचकारीकडं बोट दाखवत होते.

तिसऱ्या फेरीला मी स्वतःच्याच लाटेवर फुल थ्रॉटलला वळवली. उलटी. इंजिन पाणी प्यायलं आणि गप्प.

शिंगणापूरचा_सोन्या (शनिवार, रात्री ९.१८)

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!! आयुष्यात पयल्यांदा ही म्हण खरोखरच्या बोटीला लागू पडली 😂

टर्नर_उद्यमनगर (शनिवार, रात्री ९.४०)

मी तिथं होतो म्हणून वाचलं. हा गडी काठावर आणल्या आणल्या दोरी ओढायला निघाला होता. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतोय. आधी प्लग काढला, इंजिन उलटं केलं, दोरी हळू ओढून पाणी बाहेर टाकलं, कार्ब्युरेटर पुसला, ताजं इंधन घालून परत फिरवलं. अर्ध्या तासात चालू. ते त्याच दिवशी केलं पायजे. उद्यावर ढकललं की बेअरिंग तांबडी.

टिफिनात थेंबभर पाणी नव्हतं. ते काम पोरानं बेस केलंय.

पहाटफेरी (रविवार, सकाळी ७.३०)

व्हिडिओ पाहिला. रंकाळ्यात न लावल्याबद्दल आभार. नातू विचारतोय, खाणीवर बघायला येऊ का?

तांबडा_रस्सा (रविवार, सकाळी ८.०५)

या की काका, नातवाला कानात घालायला कापूस आणा. त्याला पाण्यापासून लांब उभा करू.

तांबडा_रस्सा (तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.३०)

धागा वर काढतो. बोट आता छान चालते. बाहेरच्या निपलात काकांची चकती घातली, इंजिन बेताचं गरम राहतं. टाकी पाच-सहा मिनिटं पुरते. प्रत्येक वेळी घरी आल्यावर टाकी रिकामी, इंजिनात तेलाचे चार थेंब, तार काढून ग्रीस. लायपो_भक्त म्हणाला होता दोन तास, माझे दीड लागतात.

आज मात्र प्लग गेला तो बरोबर खाणीच्या मधोमध. बोट साठेक मीटरवर नुसती डोलत उभी. आत उतरणं शक्य नाही, पाणी किती खोल कुणालाच माहीत नाही. मासेमारीच्या दोऱ्याला टेनिस बॉल बांधून फेकला, निम्म्यावर पडला. वारा नाही. काका, मी, पहाटफेरी काका आणि त्यांचा नातू असे चौघं सव्वादोन तास काठावर बसून होतो. नातवानं आमचा सगळा चिवडा संपवला. शेवटी दुपारी वारं सुटलं आणि बोट आपली आपण पलीकडच्या काठाला लागली.

तर आता एक ओढबोट बनवायची ठरलीय. हळू चालणारी, समोर फोमचे दोन हात, मेलेल्या बोटीला ढकलत काठाला आणणारी. जुनी ब्रशलेस मोटर माळ्यावर हायच, उजवा प्रॉप आणि उजवी तार पण तशीच पडून. चांगली लायपो एक शिल्लक हाय.

कुणाकडं वापरात नसलेला ईएससी आहे का? वॉटरप्रूफ असला तर बरं.

लायपो_भक्त (रविवार, रात्री ८.३१)

हाय. उद्या ये घेऊन जा. येताना हात धुऊन ये.